पैसे भरून प्रकाशक, की आपणच छापायचं?

तरीवरची
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय. आज अडलेय म्हणून धागा काढते.

मी देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातली, पतसंस्थेत नोकरीला आहे. गेल्या सहा-सात वर्षांत आमच्या खाडीवर तेवीस लेख लिहून झालेत. पूल व्हायच्या आधीची तर (माणसं पलीकडे नेणारी होडी), ती वल्हवणारे तात्या, ओहोटीला तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) काढायला चिखलात उतरणाऱ्या बायका, मे महिन्यात मचूळ होणाऱ्या विहिरी, असं सगळं. निम्मे लेख इथल्या साप्ताहिकात आणि दोन दिवाळी अंकांत आलेत. बाकीचे वहीत आहेत.

तीन प्रकाशकांना पाठवले. एकाचं अकरा महिने उत्तरच नाही. दुसऱ्यांनी फार सभ्य पत्र लिहिलं : लेखन आवडलं, पण नव्या नावाचे ललित लेख खपत नाहीत. तिसऱ्यांचा आठव्या दिवशी फोन. ‘मॅडम, पुस्तक घेतोय आम्ही.’ मी चुलीपाशी होते. बोलण्यात इतकी गुंगले की तव्यावरची भाकरी करपली. दुसऱ्या फोनला कळलं की ७२,००० रुपये मी भरायचेत. ५०० प्रती छापणार, त्यातल्या २०० मला. याला ते ‘लेखक सहभाग योजना’ म्हणतात.

घरचे म्हणतात, एवढे पैसे घालायचे तर स्वतःच छाप. मला वाटतं, स्वतः छापलं तर लोक म्हणतील हिला कोणी विचारलं नाही. काय करू?

चाकरमानी_दिवा
छापा! दहा प्रती माझ्या. गणपतीला गावी येईन तेव्हा घेतो.

खिळेजुळारी
ताई, चाळीस वर्षं छपाईत काढली. सुरुवात खिळे जुळवण्यापासून, पुढे डीटीपी. म्हणून थोडं अधिकारवाणीने बोलतो, राग मानू नका.

ज्यांना तुम्ही ७२,००० देणार ते तुमचे प्रकाशक नव्हेत. तुम्ही त्यांचं गिऱ्हाईक. प्रकाशक म्हणजे जो स्वतःचे पैसे घालतो. ते बुडू नयेत म्हणून तो पुस्तक तपासतो, दुकानदाराच्या मागे लागतो. इथे त्याचा नफा पुस्तक छापायच्या आधीच निघाला. मग विकायला तो कशाला धावेल? पैसे भरून छापणं हा गुन्हा नाही, पण मग त्याला छपाईचं काम म्हणा आणि छपाईच्याच भावाने पैसे द्या.

त्यांच्याकडे मुद्रकाचं बिल मागा. ५०० प्रती ठरलेल्या एका पुस्तकाच्या प्रत्यक्ष २२० प्रती माझ्याच हाताखालून गेल्यात. लेखकाला त्याच्या २०० मिळाल्या, तो खूश. बाकीच्या ‘बाजारात’ आहेत असं तो अजून समजतो.

आणि आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावलेत का ते बघा. तो क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो आणि आपल्याकडे तो फुकट आहे. लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून ऑनलाइन अर्ज करू शकतो. मात्र छपाईच्या आदल्या दिवशी मागायला जाऊ नका, वेळ लागतो. कागद नीट नसतील तर अर्ज परत येतो.

तरीवरची
काका, पाहिलं. आयएसबीएनचे ३,००० लावलेत.
करारात ‘सर्व भाषा, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी’ असंही आहे. म्हणजे काय?

खिळेजुळारी
म्हणजे उद्या कोणाला तुमच्या तात्यांवर फिल्म काढायची झाली तर तो यांच्याकडे जाईल. स्वामित्वहक्क लिहिल्या क्षणीच तुमचा झाला, नोंदणी केली नाही तरी. तुमच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं. तो दुसऱ्याला देताना मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ चा कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच तर छापील करारात ‘कायमस्वरूपी’ आधीच छापून ठेवतात. खोडा ते. खोडू देत नसतील तर उत्तर मिळालंच.

पुस्तकपारखी
थोडं कडू बोलतो. स्वतः छापलेल्या दहा पुस्तकांतली नऊ मला अर्ध्यावर ठेवावी लागतात. अशुद्धलेखन, एकच प्रसंग तीन लेखांत, मनोगत सात पानी, मान्यवरांचे अभिप्राय अकरा. कोणी ‘हे काढा’ म्हणायला नसतं ना! प्रकाशक नाही म्हणतो तेव्हा तो दर वेळी मूर्खच असतो असं नाही.

माडबागेतला
पारखी साहेब, मालगुंडला, कवी केशवसुतांच्या गावी, जाऊन या. केशवसुतांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. १९०५ मध्ये ते गेले, पुस्तक त्यानंतर. आज त्याच गावात त्यांचं स्मारक उभं आहे. प्रकाशक थांबला म्हणून कविता थांबायला हवी होती का?

पुस्तकपारखी
गेलोय मालगुंडला, दोनदा. पण तुमचंच उदाहरण पुरतं बघा की. पुस्तक नव्हतं तरी कविता नियतकालिकांतून येत होत्या, म्हणजे संपादक त्या वाचत होते, घ्यायच्या की नाही ते ठरवत होते. मी संपादकाबद्दल बोलतोय, शिक्क्याबद्दल नाही. ताईंचे निम्मे लेख अंकांत आलेत, ते कोणीतरी पारखलेत. वहीतले निम्मे कोणी वाचलेत?

तरीवरची
माझ्या बहिणीने. तिला सगळंच आवडतं.

उशिराचा_हापूस
😄 ताई, माझंही तसंच होतं. माझी वाचक बायको. तिलाही सगळं आवडायचं, आता खोकी बघितली की आवडत नाही.

सविस्तर लिहितो. मी २०१६ मध्ये कवितासंग्रह स्वतः काढला. ५०० प्रती. का? तर प्रेसवाला म्हणाला, ‘२०० ला जेवढी जुळणी तेवढीच ५०० ला, वर फक्त कागद.’ खरंच होतं ते. आणि त्या खऱ्या बोलण्यानेच मी फसलो.

टेम्पो फोंडाघाट उतरून एप्रिलात आला. प्रकाशन झालं, फेटा बांधला, पन्नासेक प्रती तिथेच गेल्या. त्यातल्या तीसेक लोकांनी ‘भेट’ म्हणून नेल्या, पाठीवर थाप मारून. उरलेली खोकी ओटीच्या मागच्या खोलीत चिऱ्याच्या भिंतीला लावून रचली. जून, जुलै. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. ऑगस्टात एक मास्तर प्रत मागायला आले म्हणून खालचं खोकं उघडलं. आत हात घातला तर खोक्याचा तळच हातात आला, ओल्या पापडासारखा. मुखपृष्ठांना एकाच बाजूने लॅमिनेशन, आतली बाजू ओल प्यायलेली, सगळी पुस्तकं द्रोणासारखी वळली होती. एकमेकांना चिकटलेली दोन वेगळी करायला गेलो तर एकाच्या पाठीवरचा माझा फोटो दुसऱ्याच्या तोंडावर आला. कसर होतीच. त्या वर्षी ६० प्रती बंबात गेल्या. आज घरात १९० आहेत, लोखंडी कपाटात. वेखंड घालून ठेवल्यात, आजीच्या लुगड्यांसारख्या.

म्हणून माझा एकच प्रश्न. छापायचं की नाही हे नंतर. आधी वहीत नावं लिहा. जो माणूस खिशातून पैसे काढून घेईल त्याचं नाव. ‘आमच्या शाळेचे लोक’, ‘मुंबईचं मंडळ’ असं चालणार नाही, नाव-आडनाव हवं. जितकी नावं होतील त्याच्या दीडपट छापा. मी लिहिली असती तर ९० च्या वर गेलो नसतो.

गाबितवाडा
अगो बाय, माका इचारशीत तर आदी घरात सुकी जागा खंय हा ती बघ. मगे लेखक हो.

तरीवरची
मंडळी, पतसंस्थेतली सवय, हिशोब मांडल्याशिवाय झोप येत नाही. इथल्याच एका मुद्रकाचा भाव काढला. डेमी आकार, १६० पानं, किंमत २५० धरली.

अक्षरजुळणी पानाला ४० प्रमाणे ६,४००. मुद्रितशोधन ४,०००. मुखपृष्ठ ५,०००. म्हणजे एकही प्रत निघायच्या आधी १५,४००. छपाई-बांधणी ३०० प्रतींना ११० रुपये प्रत, ५०० ला ८८. सगळं मिळून ३०० प्रतींचा खर्च ४८,४००, म्हणजे प्रतीला १६१. ५०० चा ५९,४००, प्रतीला ११९.

आता विक्रेता ४५ टक्के मागतोय. २५० च्या पुस्तकामागे माझ्या हातात १३७ रुपये ५० पैसे. ३०० छापल्या तर दुकानात गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे मी २४ रुपये घालवणार! ५०० छापल्या तर १९ सुटतात, पण ५०० खपल्या तर. २६० च खपल्या तर जवळजवळ २४,००० अंगावर. तेच ३०० छापून २६० स्वतः हातोहात २०० ला विकल्या तर ३,६०० वर राहतात.

मी दोनदा पडताळलं. दुकानातून विकायचं असेल तर माझ्यासारखीने छापूच नये असं दिसतंय.

खिळेजुळारी
हिशोब बरोबर. आता कळलं ना, प्रेसवाला ५०० का सुचवतो आणि विक्रेता का हसतो? एक सांगायचं राहिलं. ऑफसेटवर १६ पानांचा फर्मा असतो, म्हणजे तेवढी पानं एका कागदावर एकदम निघतात. १६० म्हणजे बरोबर दहा फर्मे. मजकूर १६३ पानांवर गेला तर अकराव्या फर्म्याची भानगड होते. ती तीन पानं छाटा. मनोगतातून छाटा, तिथे नेहमी निघतात.

दुबईचा_देवगडी
सगळे कागदालाच धरून बसलात. ई-पुस्तक करा की! ॲमेझॉनच्या केडीपीवर (लेखकाने स्वतःच ई-पुस्तक काढायची सोय) मराठी चालतं, खर्च शून्य, आयएसबीएनही लागत नाही. माझ्यासारखे आखातात बसलेले कुठून विकत घेणार तुमची छापील प्रत? ७० टक्के स्वामित्वधन मिळतं.

खिळेजुळारी
भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर त्यांच्या ‘सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५. ‘सिलेक्ट’ मध्ये गेलात की ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही. करा, पण वाचून करा. आणि मजकूर युनिकोडमध्ये हवा. गावातल्या डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये जुळवून दिला असेल तर तो तिथे चालत नाही, बदलून घ्यावा लागतो. त्या बदलण्यात काय होतं ते ताईंना विचारा, त्यांच्या लेखांत ‘तिसऱ्या’ आहेत.

तरीवरची
काका, तुम्हाला कसं कळलं! झालंय ते आधीच. दिवाळी अंकात. फॉन्ट बदलताना माझ्या सगळ्या ‘तिसऱ्या’ ‘तिसर्या’ झाल्या, म्हणजे य च्या डोक्यावर रफार. मुद्रितशोधक घाटावरचे होते. त्यांना वाटलं शब्द अर्धवट राहिलाय. त्यांनी सुधारलं : ‘बायका ओहोटीला तिसऱ्यांदा काढायला जात.’ काय तिसऱ्यांदा काढायला? आमच्या गावात वर्षभर हसत होते. वाडीतली काकी अजून रस्त्यात विचारते, ‘पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा काय काढलंस गो?’

पुस्तकपारखी
हे मस्त आहे. ताई, हा किस्सा पुस्तकात आहे ना?

तरीवरची
नाही. सुचलंच नाही.

पुस्तकपारखी
मग बघा, तुम्हाला वाचक हवाय तो याच्यासाठी. मला वहीतले लेख पाठवा. पैसे नकोत. पण मी ‘छान’ म्हणणार नाही.

ड_वर्गाचे_वाचनालय
उशिरा आलो, क्षमस्व. खेडेगावात छोटं शासनमान्य वाचनालय सांभाळतो, नावावरून वर्ग कळेलच. मला कोणी विचारत नाही, पण पुस्तकं शेवटी आमच्याकडेच येतात म्हणून दोन शब्द.

‘वाचनालयं घेतील’ या भरवशावर प्रती वाढवू नका. आमच्या हातात पुस्तकांसाठी वर्षाला येतं ते थोडकं. त्यात वाचकांना कादंबरी हवी, पोरांना स्पर्धा परीक्षेची पुस्तकं हवीत. स्वतः येऊन, ‘मी अमुक गावची, हे आपल्या खाडीवरचं आहे’ असं सांगणाऱ्याचं एखादं घेतो. टपालाने आलेल्या यादीतून नाही घेत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं, तिथे आणि सावंतवाडीला जरूर जा. मोठी वाचनालयं स्थानिक लेखकांचं वेगळं कपाट ठेवतात असा माझा अनुभव आहे.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. हस्तलिखित तज्ज्ञांकडे जातं. मंजूर झालं तर पैशापेक्षा मोठी गोष्ट ही की अनोळखी माणसाने वाचून ‘हो’ म्हटलं. तुमचं पहिलंच पुस्तक. छापून बसलात तर ही वाट बंद होईल, म्हणून आधी तिकडचे नियम वाचा.

आणि स्वतः प्रकाशक झालात की प्रकाशकाची कामंही तुमचीच. १९५४ च्या कायद्याने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. न पाठवणारे पुष्कळ आहेत. दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत, त्याला कोण भितो? पण पाठवा हो. उद्या आमच्याकडची प्रत कसरीने खाल्ली तरी तिकडे एक राहील.

चाकरमानी_दिवा
पोस्टाने पाठवायला किती पडतं? माझ्या दहा प्रती गणपतीपर्यंत थांबवत नाही.

ड_वर्गाचे_वाचनालय
१ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर वजनाप्रमाणे वाढत पाच किलोला १००, कर वेगळा. पाकिटावर ‘ज्ञान पोस्ट’ लिहावं लागतं. आतलं पुस्तक व्यापारी जाहिरातीचं चालत नाही, आणि त्यावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं.

माडबागेतला
ताई, ‘लोक म्हणतील हिला कोणी विचारलं नाही’ असं पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंत, त्यावर कोणीच बोललं नाही. ७२,००० भरून प्रकाशकाचं नाव लावलंत तरी गावात दुसऱ्या दिवशी कळतं. आमच्याकडे कळलं होतं. पोस्टमनला आधी कळलं.

तरीवरची
खरंय. त्या नावासाठीच मी ते पैसे देणार होते. छपाईसाठी नव्हे. हे कबूल करायला मला आठ दिवस लागले.

त्या प्रकाशकांना ‘नको’ म्हणून कळवलं. लगेच ६०,००० वर आले. मग ४८,०००. आमच्या देवगडच्या बाजारात मासळीचा भाव असा उतरायला लागला की आम्ही वास घेऊन बघतो.

तरीवरची
(तीन महिन्यांनी)
धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

पारखींनी तेवीसपैकी सात लेख काढायला लावले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग परत वाचले आणि सहा काढले. एकावर अडून राहिलेय, तो मचूळ विहिरींचा. तो राहणार. तिसऱ्यांदाचा किस्सा घातला. आता पुस्तक १६० नव्हे, ११२ पानांचं, सात फर्मे.

वहीत नावं लिहिली. १३१ झाली. बहिणीने वाचून त्यातली ३४ खोडली, ‘हे फुकट मागणार’. तिच्याबद्दल मी वर जे लिहिलं ते मागे घेते. राहिली ९७. दीडपट म्हणजे १४५, म्हणून १५० छापायच्या. एवढ्या थोड्या प्रतींना ऑफसेट परवडत नाही असं काका म्हणाले, डिजिटलवर काढतेय. प्रत महाग पडते, पण हातातून जाणारा एकूण पैसा कमी. दुकानात ठेवणारच नाही. ई-पुस्तक नंतर.

नवलेखक अनुदानाचे नियम आणून वाचले. त्यासाठी थांबायचं की नाही यावर घरी वाद झाला. तात्या आता ८८ वर्षांचे आहेत. त्यांच्या हातात पुस्तक द्यायचंय. मी थांबले नाही. चूक असेल तर माझी.

आयएसबीएन मिळाला. एकदा अर्ज परत आला होता, पत्त्याचा पुरावा धूसर होता म्हणून.

काल कच्ची प्रत आली. पान ३७ वर ‘तिसऱ्या’ बरोबर. पान ६१ वर पुन्हा ‘तिसर्या’. रात्री बसून सगळ्या तपासल्या, एकूण ४१ ठिकाणी आहेत, त्यातल्या नऊ बिघडलेल्या. जुळणीवाला म्हणाला, ‘ताई, सरळ शिंपल्या लिहा ना.’

आता जागा बघतेय. लोखंडी कपाट भरलेलं आहे. पोटमाळ्यावर बाबांच्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या आहेत, त्या काढून टाकल्या तर होईल.

उशिराचा_हापूस
पेट्या टाकू नका!! पुठ्ठ्याच्या खोक्यापेक्षा लाकडी पेटी बरी, फटीतून वारा खेळतो. तळाला पेंढा नको, कोरी वर्तमानपत्रंही नकोत, ओल धरतात. प्लास्टिकच्या पिशवीत दहा-दहा प्रती बांधा, उभ्या लावा, आणि पेटी भिंतीपासून वीतभर लांब. खाली दोन विटा.

आणि माझं नाव त्या ९७ मध्ये आहे का? नसेल तर लिहा. पैसे देईन.

तरीवरची
आहात. चौदावे. बहिणीने तुमच्या नावापुढे प्रश्नचिन्ह केलं होतं, आता खोडते.